वाहक, प्रभावी, सदोष : शाळेतल्या आनुवंशिकतेच्या धड्याबद्दल

(सडक अर्जुनी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. श्रोत्यांचे दोन प्रश्न शेवटी घेतले आहेत.)

फळ्यावर ‘जनुकीय अभियांत्रिकी’ असं लिहिलंय, त्यामुळे पुढे बसलेली मुलं क्रिस्परबद्दल ऐकायला आलीत हे आम्हाला माहीत आहे. तिथे आपण जाणार आहोत. पण वाट शाळेच्या पुस्तकातून जाते, आणि त्या पुस्तकाबद्दल, ते शिकवण्याच्या आमच्या पद्धतीबद्दल आज थोडं कडू बोलायचं आहे. आम्ही म्हणजे तिघे जण. तिघांनीही आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. बोलतोय एक, टिपणं तिघांची आहेत. तेव्हा चूक निघाली तर तिघांना मिळून धरा.

सुरुवात एका माऊलीपासून करू. गाव सांगत नाही, इथून लांब नाही एवढंच. तिचा पहिला मुलगा सिकलसेलचा, लाल कार्डवाला. हातपाय दुखायला लागले की रात्र रात्र रडायचा. नवरा-बायको दोघांचं कार्ड पिवळं, म्हणजे दोघंही एएस. कोणीतरी तिला सांगितलं होतं की अशा जोडप्याच्या चार मुलांत एक आजारी निघतो. ती आम्हाला म्हणाली, “मंग आमचा एक तर होऊन गेला जी गुरुजी. आता बाकीचे चांगलेच होतीन ना?”

हे तिला सांगणारा मुलगा आमच्याच वर्गात शिकलेला होता. विज्ञानात चांगले मार्क मिळालेला. चौकोन काढायचा, चार घरं भरायची, एए एक, एएस दोन, एसएस एक. उत्तर बरोबर, पैकीच्या पैकी. आणि त्या बरोबर उत्तरातून एका आईला मिळालेली माहिती साफ चुकीची.

बघा, गडबड कुठे होते. चौकोनातली चार घरं म्हणजे चार मुलं, असं आमच्या विद्यार्थ्यांना वाटतं. आम्ही तसं कधी म्हटलं नाही, पण तसं नाही हेही म्हटलं नाही. ती घरं एकाच गर्भाच्या चार शक्यता आहेत. प्रत्येक खेपेला फासा नव्याने पडतो, आणि मागच्या वेळी काय पडलं होतं हे फाशाला आठवत नाही. पहिलं मूल एसएस झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही, तो तेवढाच राहतो, पंचवीस टक्के. दोन मुलं असलेली अशी सोळा जोडपी धरली तर सरासरीने नऊ जोडप्यांच्या घरी एकही आजारी मूल नसेल आणि सात घरी एक तरी असेल. एखाद्या घरी दोन्हीही. ज्यांच्या घरी एकही नाही ते म्हणतात, हे सगळं थोतांड आहे. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत ते देवऋषीकडे जातात. आकडेमोड दोघांनाही कोणी समजावलेली नसते.

मेंडेलने आपला निष्कर्ष १८६५ साली मांडला आणि पुढच्या वर्षी छापला. गोल आणि सुरकुतलेल्या वाटाण्यांच्या प्रयोगात त्याने दुसऱ्या पिढीचे ७,३२४ दाणे मोजले. त्यातले ५,४७४ गोल, १,८५० सुरकुतलेले. भागाकार करून पाहा, बरोबर तीन येत नाही, २.९६ येतो. तीनास एक हे प्रमाण सात हजार दाण्यांत दिसतं. एका शेंगेत ते दिसेलच असं नाही, आणि घर म्हणजे तर शेंगेहूनही लहान गोष्ट. पुस्तकातून ७,३२४ हा आकडा गळतो आणि ३:१ उरतं. आमच्या मते शालेय आनुवंशिकतेतली सगळ्यात महागात पडलेली गळती ती हीच.

आता पुस्तकावर अन्याय नको. राज्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ हा धडा आहे आणि त्यात सिकलसेल आहे. आमच्या लहानपणी तर नावही नव्हतं. म्हणजे वाटाणा आणि सिकलसेल एकाच धड्यात आले, ही चांगलीच गोष्ट. पण वर्गात काय होतं? वाटाण्यावर गणित येतं आणि सिकलसेलवर टीप येते. ‘टीपा लिहा : सिकलसेल ॲनिमिया’. कारण, लक्षणं, उपाय. वाटाण्याचा चौकोन सिकलसेलला लावून बघा, असं आम्ही वर्षानुवर्षं कोणाला सांगितलं नाही. ज्या जिल्ह्यात बाकावरच्या पोराच्या दप्तरात पिवळं कार्ड असू शकतं, तिथे आम्ही त्याला वाटाण्याची उंची विचारत राहिलो.

तर आता तीन शब्द घेऊ.

पहिला, वाहक. एसटीत काय पाटी असते? चालक आणि वाहक. एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं की वाहक म्हणजे जो आजार एकाकडून दुसऱ्याकडे पोचवतो. आम्हाला तेव्हा हसू आलं. आता येत नाही, कारण डासालाही आपण मलेरियाचा वाहकच म्हणतो. एकच शब्द डासाला, कंडक्टरला आणि धडधाकट मुलीला. मग गावात बाई म्हणते, तिच्या ताटात जेवू नको, ती वाहक आहे, तर दोष बाईचा किती आणि शब्दाचा किती? एएस असलेली व्यक्ती आजारी नसते. शेतात काम करते, रोवणीला वाकते, बाळंत होते, म्हातारी होते. तिच्याकडून शिवून, खाऊन, रक्त लागून कोणाला काही होत नाही. तिच्या अकराव्या गुणसूत्रांच्या जोडीतल्या एका प्रतीत एक अक्षर वेगळं आहे, बस एवढंच.

दुसरा शब्द, सदोष. ‘सदोष जनुक’, ‘जनुकीय दोष’. आपल्या भाषेत दोष हा साधा शब्द नाही, मंडळी. त्यात पाप येतं, पत्रिका येते. मंगळदोष आहे म्हणून सोयरीक मोडते, हे इथे कोणाला सांगायला नको. त्याच तोंडाने आपण जनुकीय दोष म्हणतो आणि तो त्याच कप्प्यात जाऊन बसतो. पूर्वी पत्रिका लपवायचे, आता पिवळं कार्ड लपवतात. तेही जास्त करून मुलीचं. मुलाच्या कार्डाची चौकशी करणारे वधूपिते आम्हाला फार थोडे भेटले. जनुकाला मात्र आईकडचं-बापाकडचं काही कळत नाही. अकरावं गुणसूत्र दोघांकडून एकेक येतं.

आणि मुळात घडलंय काय? हिमोग्लोबिनची बीटा साखळी १४६ अमिनो आम्लांची असते. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलं. डीएनएच्या भाषेत सांगायचं तर जीएजीचं जीटीजी झालं, एका ए-च्या जागी टी आला. प्रथिनातला हा एवढासा फरक व्हर्नन इन्ग्रामने १९५६-५७ च्या सुमारास दाखवला. ऑक्सिजन सोडून आलेलं असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या करतं, पेशी ताठ होते, विळ्यासारखी वाकते (आपल्याकडे इळा म्हणा), बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि तिथून पुढे रक्त जात नाही. ते दुखणं म्हणजे हेच अडकणं.

हे वाचून सदोषच म्हणाल ना? थांबा. १९५४ साली अँथनी ॲलिसनने पूर्व आफ्रिकेतली पाहणी छापली. जिथे मलेरियाचा जोर होता तिथे एएस माणसं जास्त होती, आणि एएस मुलांना जीवघेणा मलेरिया कमी होत होता. त्याच्या आधी १९४९ मध्ये हॉल्डेनने थॅलेसेमियाबद्दल असाच तर्क मांडला होता. तेच हॉल्डेन, जे पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. आता नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल, ही तळी, हे डास डोळ्यांसमोर आणा आणि विचार करा की झाडीपट्टीत हे जनुक इतक्या पिढ्या का टिकलं असेल. ज्यांच्याकडे ते एका प्रतीत होतं ती लेकरं तापातून वाचली. ज्यांच्याकडे दोन प्रतींत आलं, त्यांनी त्याची किंमत मोजली. मग जनुक सदोष की निर्दोष? प्रश्नच चुकीचा आहे. किती प्रती, कोणाच्या अंगात, कोणत्या मुलखात, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आपल्या गावाचंच घ्या ना. बाहेरगावच्या माणसाने नुसतं ‘अर्जुनी’ म्हटलं तर आपण काय विचारतो? सडक की मोरगाव? जनुकाचं नाव ऐकल्यावरही पुढचा पत्ता विचारायची सवय लावायला हवी होती. आम्ही ती लावली नाही.

तिसरा शब्द, प्रभावी. त्याची जोडी अप्रभावी. वर्गात विचारलं की प्रभावी म्हणजे काय, तर पोरं म्हणतात, ताकदवान. अप्रभावी म्हणजे दुबळं. एक दुसऱ्याला दाबतं. पाटील आणि गडी, असंच चित्र असतं डोक्यात. बरं, मग सिकलसेलचं जनुक प्रभावी की अप्रभावी? पुस्तकी उत्तर : अप्रभावी, कारण एएस माणूस आजारी पडत नाही. ठीक. आता त्याच माणसाच्या रक्ताचं इलेक्ट्रोफोरेसिस करा. दोन पट्टे दिसतात, ए चाही आणि एस चाही. एस साधारण तीस ते चाळीस टक्के. इथे कोणी कोणाला दाबलेलं नाही, दोघंही हजर. आता त्याच रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यातला ऑक्सिजन काढा. एएसच्या पेशीही विळ्यासारख्या वाकतात. म्हणजे इथे तर एस प्रभावी म्हणावं लागेल! माणूस तोच, जनुक तेच. प्रभावी कोण ते तुम्ही कुठून बघता त्यावर ठरतं.

कोणी म्हणेल, सिकलसेल हा अपवाद आहे, वाटाण्याचं तसं नाही. वाटाण्याचंही तसंच आहे. सुरकुतलेल्या वाटाण्याचं जनुक इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९९० मध्ये शोधून काढलं. स्टार्च बनवताना साखळीला फांद्या फोडणारं एक एन्झाइम आहे, त्याच्या जनुकात डीएनएचा एक तुकडा मध्येच घुसलाय. एन्झाइम बिघडतं, स्टार्च कमी होतो, साखर वाढते, कोवळा दाणा पाणी जास्त धरतो आणि वाळताना आक्रसतो. एक प्रत चांगली असेल तर दाणा डोळ्यांना गोलच दिसतो. पण स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते मधलेच निघतात, धड इकडचे ना तिकडचे. हे तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच लोकांनी पाहून ठेवलं होतं. म्हणजे मेंडेलचा वाटाणासुद्धा आमच्या पाटील-गड्याच्या गोष्टीला साक्ष द्यायला तयार नाही.

आता वळू या जनुकीय अभियांत्रिकीकडे. मुलं चुळबुळ करायला लागलीत.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिला धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आणि आठवा ‘पेशीविज्ञान व जैवतंत्रज्ञान’. मध्ये प्राण्यांचं वर्गीकरण, हरित ऊर्जा वगैरे. हे अंतर नुसतं पानांचं नाही. आठव्या धड्यात बीटी कापूस येतो : मातीतल्या एका जीवाणूचं जनुक कापसात घातलं, आता बोंडअळी मरते. बरं. पण अळीच्या लाखो पिल्लांत एखादी न मरणारी निघेल, तिचीच प्रजा वाढेल, हे पहिल्या धड्यात आहे. तो धडा इथे कोणी उघडत नाही. बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने काय केलं ते वर्धा-यवतमाळकडच्या पाहुण्यांना विचारा. तोवर दोन जनुकं असलेलं बियाणंही तिला रोखू शकत नव्हतं. यात तंत्र खोटं होतं असं आम्ही म्हणत नाही. पहिला धडा आणि आठवा धडा एकमेकांशी बोलत नव्हते, हे मात्र म्हणतो. शेतकऱ्याला बियाणं विकताना आठवा धडा वाचून दाखवला गेला, पहिला कोणी वाचला नाही.

आपल्याकडे कापूस नाही, धान आहे. तर धानाचं सांगतो. ४ मे २०२५ रोजी केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादित धानाचे दोन वाण जाहीर केले. एक ‘कमला’, डीआरआर धान १००, सांबा मसूरीपासून केलेला. दुसरा ‘पुसा डीएसटी राईस १’, तुमच्या ओळखीच्या १०१० पासून. पुस्तकातली व्याख्या काय? एका जीवाचं जनुक काढून दुसऱ्यात घालणं म्हणजे जनुकीय अभियांत्रिकी. या दोन वाणांत बाहेरचं काही शिल्लक ठेवलेलं नाही. धानाचंच एक जनुक मोडलं आहे, एवढंच. कमलामध्ये जे जनुक मोडलं, ते दाण्यांची संख्या वाढवणारा एक संप्रेरक नासवून टाकायचं. दुसऱ्यात पानाची रंध्रं आणि पाण्याचा ताण यांच्याशी संबंधित असलेलं. म्हणजे व्याख्या पाठ असलेल्या मुलाला विचारलं, हे जीएम आहे का, तर तो नाही म्हणेल. आपलं सरकारही २०२२ पासून या प्रकाराला जुन्या जीएम नियमांतून बऱ्याच अंशी सूट देतं. आणि विरोध करणारे म्हणतात, हे जीएमच आहे, चाचण्यांचे आकडेही आम्हाला पटत नाहीत. हा वाद खरा आहे, आणि तो बांधीवर येणार आहे. त्यात बोलायला व्याख्या पुरणार नाही. काय मोडलं, ते जनुक आणखी कुठे कामाला होतं, बी पुढच्या वर्षी घरचं वापरता येईल का, हे विचारावं लागेल.

जाता जाता एक. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचं बी वेगळं ठेवलं, वर्षानुवर्षं निवडत नेलं आणि त्यातून एचएमटी झालं. त्यांच्याकडे कात्री नव्हती. वेगळं म्हणजे बिघडलेलं, असं मात्र त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. बरं झालं.

कात्रीवरून आठवलं. वर्तमानपत्रं क्रिस्परला ‘जनुकीय कात्री’ म्हणतात. २०१२ चं काम, शार्पेंतिए आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल. कात्री म्हटलं की चित्र उभं राहतं : खराब तुकडा कापला, चांगला शिवला, झालं. शिंप्याचं काम. पण कात्री फक्त कापते. जोडण्याचं काम पेशी स्वतः करते, तिच्या पद्धतीने, आणि बहुतेक वेळा घाईत. दोन टोकं जोडताना एखादं अक्षर गळतं, एखादं जास्त पडतं. आतापर्यंतच्या यशाचा मोठा हिस्सा या घाईच्या जोडणीवरच उभा आहे. काहीतरी मोडायचं असेल तर ती उपयोगी पडते.

सिकलसेलचा उपचार तसाच आहे, आणि हे आम्हाला आज सगळ्यात जास्त सांगायचंय. १६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटनने आणि ८ डिसेंबरला अमेरिकेने कॅसजेव्ही नावाच्या उपचाराला मंजुरी दिली. बातम्यांत आलं, सिकलसेलचं सदोष जनुक दुरुस्त केलं. तसं काहीही केलेलं नाही. एस तसाच्या तसा आहे.

मग केलं काय? पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणू. जन्मानंतर काही महिन्यांत ते बंद होतं आणि मोठ्यांचं सुरू होतं. म्हणूनच एसएस बाळ पहिले सहाएक महिने ठणठणीत वाटतं. आई म्हणते, जन्मताना चांगला होता, नंतर कोणाची तरी दृष्ट लागली. जॅनेट वॉटसन नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९४८ मध्येच ओळखलं होतं की हे गर्भ-हिमोग्लोबिन बाळाला राखत असावं. आता ते बंद करणारा एक पहारेकरी आहे, बीसीएल११ए नावाचं जनुक. रक्त तयार करणाऱ्या पेशींपुरता त्याला जागं ठेवणारा एक खटका आहे. क्रिस्परने तो खटका मोडला. पहारेकरी पेंगला, गर्भ-हिमोग्लोबिन परत सुरू झालं, आणि ते असलं की एसच्या दोऱ्या जमत नाहीत. अमेरिकी मंजुरीच्या वेळी पुरेसा काळ तपासलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर तरी दुखण्याचा मोठा झटका आला नव्हता. ही गोष्ट लहान नाही. ज्यांनी घरात तो झटका पाहिलाय त्यांना तर हे सांगायलाच नको.

पण पुस्तकाने ‘खराब तुकडा बदलला’ असं डोक्यात भरवलेल्या घराला यातून काय वाटेल? रक्त शुद्ध झालं. आता याचं लग्न कोणाशीही करा. आणि इथेच ठेच आहे. बदल झाला तो मज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशींत. त्या माणसाच्या शुक्रपेशींत किंवा त्या बाईच्या अंडपेशींत एसच राहिला. तिच्या प्रत्येक मुलाला एक एस जाणारच. जोडीदार एएस असेल तर निम्मा धोका एसएसचा. उपचाराने माणूस बरा होऊ शकतो, त्याचं कार्ड बदलत नाही. पुढच्या पिढीत जाईल असा बदल माणसात करायला भारतात आयसीएमआरच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मनाई आहे, आणि आमच्या मते ती असायला हवी.

शिवाय किंमत. अमेरिकेत २२ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अठरा कोटींच्या आसपास. पेशी काढायच्या, संपादित करायच्या, दरम्यान कडक केमोथेरपीने जुनी मज्जा रिकामी करायची, मग नव्या सोडायच्या. त्या केमोने मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. हे सगळं मोठ्या दवाखान्यात, महिनोन्‌महिने. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या सरकारने दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेत तयार झालेला ‘बिरसा १०१’ हा सिकलसेलवरचा देशी क्रिस्पर उपचार जाहीर केला. तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं. नाव ऐकून छाती फुगली, खरं सांगतो. पण जाहीर होणं आणि ग्रामीण रुग्णालयात मिळणं यांत फार रस्ता आहे. तो कापला जाईपर्यंत हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी कॅप्सूल आहे. तीही गर्भ-हिमोग्लोबिनच वाढवते. पहारेकऱ्याला मोडत नाही, थोडं झोपवते म्हणा. तिच्याबद्दल कोणी व्याख्यान ठेवत नाही. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घेणं, भरपूर पाणी, ताप आला की लगेच दवाखाना, लसी, या गोष्टींना अभियांत्रिकी म्हणत नाहीत म्हणून त्या धड्यात येत नाहीत. जुलै २०२३ मध्ये शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल मोहीम सुरू झाली. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत निर्मूलन. तपासणी होतेय, कार्डं वाटली जातायत. कार्ड वाचायला शिकवणं हे मात्र आमच्या खात्यातलं काम होतं, आणि आम्ही टीपा लिहून घेत बसलो.

आता प्रश्न घेऊ.

(प्रश्न : एका तरुणाने विचारले की त्याचे कार्ड पिवळे आहे, ठरलेल्या मुलीची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली आहे, तर आता निश्चिंत राहायचे का?)

आधी हे उघडपणे विचारलंस, त्याबद्दल शाबास. तुझी कोणती चाचणी झाली? इलेक्ट्रोफोरेसिस? हां. सोल्युबिलिटी फक्त एवढंच सांगते की रक्तात एस आहे की नाही. एएस आणि एसएस यांतला फरक ती सांगत नाही. तिची निगेटिव्ह आहे म्हणजे तिच्यात एस नाही, हे बहुतेक पक्कं. पण थॅलेसेमियाचं जनुक ती चाचणी दाखवत नाही. तिच्याकडे बीटा थॅलेसेमियाची एक प्रत असेल आणि तुझ्याकडे एसची, तर दोन्ही एकत्र आलेल्या मुलाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो. तेव्हा तिचंही इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या, त्यात ए-टू किती आहे ते डॉक्टरांना बघायला सांगा. ते ठीक निघालं तर तुमच्या कोणत्याही मुलाला सिकलसेलचा आजार होणार नाही. काही मुलांचं कार्ड तुझ्यासारखं पिवळं असेल, तेवढंच.

(प्रश्न : मागे बसलेल्या एका ताईंनी विचारले की दोघांचेही पिवळे असेल आणि लग्न होऊन गेले असेल तर काय?)

तर संसार मोडायचा नाही, ताई. दिवस गेले की लवकर सांगायचं, लपवायचं नाही. अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. ती मोठ्या शहरात होते, म्हणून चिठ्ठी आधीच घ्यावी लागते. पुढे काय करायचं हे त्या दोघांनी ठरवायचं, सासूने नाही, आम्हीही नाही. आणि तपासणी केली नाही, तरी बाळ जन्मल्याबरोबर त्याचं रक्त तपासून घ्या. मात्र नवजात बाळाला सोल्युबिलिटी चालत नाही, आताच सांगितलं ना, तेव्हा गर्भ-हिमोग्लोबिन जास्त असतं. एचपीएलसी करा म्हणावं. पहिल्या झटक्याची वाट न बघता औषध सुरू झालं तर फार फरक पडतो. कुठे करायचं ते नंतर इथेच, चहाच्या वेळी, लिहून देतो.